अक्काच्या मानेतली गाठ

मंडळी, आज सकाळी नातीची वेणी घालताना तिच्या मानेत गाठ लागली आणि मी तिला तडक दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं. "घसा सुजलाय, म्हणून आलीय. मऊ आहे, दुखते, बोटाखाली सरकते. उतरेल. दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर परत या."

परतताना थोरली बहीण, अक्का, आठवली. साठ सालच्या सुमाराला आम्ही मद्रासला, अड्यारला राहायचो. अक्का शाळेत शिकवायची, लग्न ठरलं होतं. तेव्हा तिच्या मानेत गाठ आली. दुखत नव्हती, पण वाढत होती. संध्याकाळी बारीक ताप यायचा, अक्का वाळत चालली होती.

आई म्हणाली, "लग्न होईपर्यंत पदराखाली झाकून ठेव."

"झाकल्यानं बरी होणार आहे का, आई?" म्हणत अक्का एकटीच दवाखान्यात गेली. गाठीचा क्षय निघाला. घरात रडारड झाली. अक्कानं मात्र होणाऱ्या नवऱ्याला बोलावलं आणि आमच्यासमोर सांगितलं, "औषध आणि इंजेक्शनं वर्षभर चालतील. थांबायचं नसेल तर आत्ताच सांगा."

तो म्हणाला, "इंजेक्शनला कोण नेतं?"

"मीच जाते."

"उद्यापासून मी सायकलवर सोडतो."

वर्षानं गाठ गेली आणि लग्नही झालं.

न दुखणाऱ्या गाठीकडे आपण सहज दुर्लक्ष करतो. अक्कानं केलं नाही, आणि लपवलंही नाही. त्या काळात एवढं धैर्य तिनं कुठून आणलं असेल? तुमच्या घरात आहे का अशी एखादी अक्का?