दंड आणि पाटल्या

मुरुडला आमचं सुपारी-नारळाचं दुकान होतं. स्वातंत्र्य येऊन दहाएक वर्षं झाली असतील. त्या पावसाळ्यात लाँच बंद, वर ह्यांना ताप. विक्रीकराचं पत्रक उशिरा गेलं. कर भरलेला होता, तरी अधिकाऱ्यानं दंड ठोकला.

दुसरा कुणी असता तर दोन शिव्या हासडून, दंड भरून मोकळा झाला असता. आमचे हे कसले! कुठूनसं कायद्याचं पुस्तक पैदा केलं आणि ओटीवर ठाण मांडलं. "दंड लावायचा अधिकार वरच्या साहेबाला. ह्यानं लावलाच कसा?" उठता-बसता तेच. सासूबाई म्हणाल्या, "अरे, चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला!" पण ऐकतो कोण? लाँच सुरू झाली तशी रेवसवरून मुंबईला वकिलाकडे खेपा सुरू. दुकान माझ्या गळ्यात.

एकदा तांदूळ काढायला डब्यात हात घातला. तळाशी फडक्यात गुंडाळून माझ्या आईनं दिलेल्या पाटल्या ठेवल्या होत्या. फडकं हाताला लागलं, पाटल्या नव्हत्या. वरचे तांदूळ मात्र तळहातानं नीट सारखे केलेले. ह्यांचंच काम ते; दुकानातलं सुपारीचं पोतंही हे असंच सारखं करायचे.

मी तांदूळ धुतले, आधणात वैरले. रडूबिडू काही आलं नाही. दाढ काढल्यावर गाल बधिर होतो ना, तशी होते. जेवताना हे म्हणाले, "वकिलाला द्यायचे होते." मी आमटी वाढली.

निकाल ह्यांच्या बाजूनं लागला. "त्याला अधिकारच नव्हता!" करत गावभर पेढे वाटले. मलाही दिला. खाल्ला मी.

काही महिन्यांनी वरच्या साहेबाचा कागद आला. दंड तेवढाच, सही तेवढी त्याची. म्हटलं, आता हे पेटणार. कसलं काय! दुसऱ्याच दिवशी जाऊन भरून आले. हातपाय धुऊन पाटावर बसले आणि अगदी समाधानानं म्हणाले, "ह्याला अधिकार आहे."

मी भात वाढत होते. 'आणि माझ्या पाटल्या विकायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?' एवढंच विचारायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं.

ह्यांनी ताट पुढं सरकवलं. म्हणाले, "तूप वाढ."

मी तूप वाढलं.