बांगड्यांच्या दुकानातली आपा

"हात ढिला सोड," असं म्हणत ती आपला हात हातात घ्यायची, अंगठ्याखालचं हाड दाबायची, आणि आपलं लक्ष तिच्या बोलण्यात असतानाच बांगडी मनगटात गेलेली असायची. जळगाव जामोदच्या बाजारात तिचं दुकान होतं. आम्ही सगळ्या तिला आपाच म्हणायचो, तिच्याहून म्हाताऱ्या बायकासुद्धा.

आता तुम्हीच सांगा, बांगड्या भरताना बाईला पळता येतं का? हात तिच्या ताब्यात! माझ्या कोपराजवळ ओरखडे होते, ते तिनं पाहिले.

"हे कायचं?"

"कापूस वेचताना बोंड लागलं."

"बोंड बोटाले लागते बाई. कोपराले नाही लागत."

झालं, मी भर दुकानात रडायला लागले. माझा धाकटा पोरगा कॉलेज सोडून घरी आला होता. भिंतीशी बोलायचा, गोळी द्यायला गेलं की अंगावर यायचा. शेजारणीलाही मी कळू दिलं नव्हतं. आपानं हात काही सोडला नाही. मागं वळून एका माणसाकडे मान केली. तो कोपऱ्यात बसून बांगड्यांचे रंग वेगळे करत होता.

"तो माहा भाऊ. त्याचंबी असंच हाये. मंगळवारी दुपारी ये. तुह्यासारख्या आनखी येऊन राह्यल्या."

मंगळवारी ती अर्धं शटर ओढायची आणि आम्ही आत बसायचो. कुणाचा नवरा, कुणाची लेक, कुणाची सासू. नियम एकच होता. घरच्या आजाऱ्याचं मागून, पहिले आपलं सांगायचं. शाळेतल्या गुरुजींची बायको पहिल्यांदाच आली, तिनं सुरुवात केली, "काल रात्री ह्यांनी..."

"त्यायचं मागून," आपा म्हणाली. "तू डोक्यावरून कधी न्हाली?"

ती आठवायला लागली, तर आठवेचना. आम्ही हसलो, मग तीही हसली, मग पदर तोंडात घालून खूप रडली. आपानं तिला दुकानामागच्या खोलीत चुलीवर पाणी तापवून दिलं. "न्हाऊन घे, मंग गोळ्याइचं बोलू." दवाखाना ती कोणालाच चुकवू द्यायची नाही. फटकळ इतकी, की एकीनं गोळ्या बंद करून गंडा बांधला तर म्हणाली, "गंडा राहू दे बांधला. पन गोळी काऊन बंद केली वो? गंड्यानं सांगतलं का तुले?"

तिचा भाऊ म्हणजे आमचा मामू. त्याच्याकडे बघून ती अधूनमधून बोलून जायची, "मी गेल्यावर याचं कोन?" प्रत्येकीच्या पोटात तोच प्रश्न होता ना! पण आपा नुसता प्रश्न विचारून बसणारी नव्हती. तिनं मामूला आमच्या घरोघर पाठवायला सुरुवात केली. आज माझ्याकडे, मग गुरुजींकडे. त्याच्या बदल्यात आमची माणसं तिच्या दुकानात बसायची. माझा पोरगा तिथं बांगड्या दोऱ्यात ओवायचा. मामूला पाठवताना ती बजावायची, "चहा स्टीलच्या गिलासात दे. अन् फवारनीच्या पंपाजवळ नेऊ नको, त्या आवाजानं त्याचा जीव जाते."

बीटी कापूस आला तेव्हा बियाणंवाले म्हणाले होते, आता फवारणीची कटकट गेली. थोडी वर्षं खरंही वाटलं. मग बोंडात गुलाबी अळी निघाली आणि पंप पुन्हा पाठीवर चढले. असाच एक पेट्रोलचा पंप ऐन वेचणीत दुकानाच्या मागं कुणीतरी चालू करून पाहिला. मामू पळाला.

शेतात निरोप आला, तसा आम्ही कमरेला बांधलेल्या ओट्यातला कापूस तिथंच ओतला आणि निघालो. बसस्टँड पाहिलं, दर्गा पाहिला, आपाचं घर दोनदा पाहिलं. आपा गल्लीगल्लीत त्याला हाका मारत फिरत होती. शेवटी अंधार पडला तसं मी घरून बॅटरी आणायला गेले. पाहते तर काय! समोरच्या खोलीत आमचा कापूस रचला होता, त्यात मामू गळ्यापर्यंत रुतून बसलेला, आणि माझा पोरगा त्याच्यासमोर चहाचा स्टीलचा गिलास धरून.

"आई, ओरडू नको," तो म्हणाला. "मामूले भेव लागलं हाये."

ज्याला मी गोळी भरवत होते, तो दुसऱ्याला चहा पाजत होता! निरोप मिळताच आपा धापा टाकत आली. दाराची चौकट धरून तिनं दोघांकडे पाहिलं.

"सोताच्या घरी नाही गेला," ती म्हणाली. "तुह्या घरी आला."

"वाईट वाटलं का आपा?"

"वाईट? आता मी मराले मोकळी झाली न वो!"

आम्ही तिच्या पाठीत धपाटे घातले. ती हसत होती, तिचे डोळे गळत होते.

आणि गेलीही ती, पुढच्याच हिवाळ्यात, छातीच्या दुखण्यानं. तिसऱ्या दिवशी फातेहाला अकोल्याहून तिचे चुलत भाऊ आले होते. भली माणसं. चहा झाल्यावर हळूच म्हणाले, मामूला ठेवतील अशी एखादी संस्था बघावी लागेल.

"संस्था?" गुरुजींची बायको, ती न्हायचं विसरलेली, ताडकन उठली. "ते माह्या घरी येतात."

"तुह्या घरी काऊन? पहिले माह्या घरी!" मी म्हटलं.

तिसरी म्हणाली, तुम्ही दोघी त्याला तिखट खाऊ घालता. जुंपलीच आमची, सुतकाच्या घरात! त्या भावांतला मोठा टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला, "इथं तर त्याले घरी न्यासाठी भांडण चालू हाये."

आम्ही भानावर आलो, तर मामू जागेवर नव्हता. आपली उशी बगलेत मारून, चपला घालून तो केव्हाच माझ्या घराच्या रस्त्याला लागला होता, आणि माझा पोरगा त्याची पिशवी घेऊन त्याच्या मागं चालला होता.