वेस्ट आणि वर बारा

चिंचेच्या कोळानं पितळ घासलं की बोटांना एक आंबूस, जुनाट वास चिकटतो आणि दोनदा साबण लावला तरी जात नाही. उद्या खंडेनवमी. माधवनगरच्या आमच्या घरात पूजेला मांडण्याजोगी हत्यारं ती काय असणार! एक विळी, एक खुरपं, नवऱ्याचे पाने आणि माझ्या अप्पांचं होकायंत्र. यातलं होकायंत्र मी दर वर्षी निराळ्या पाटावर मांडते. सासूबाई आधी हसायच्या, आता तो पाट त्याच काढून ठेवतात. अप्पांची तशी ताकीदच होती, "लोखंडाशेजारी ठिवू नगंस, पोरी. सुईला भुरळ पडती."

अप्पा फौजेत जवानांना नकाशा वाचायला शिकवत. त्यामुळे आमच्या घरी दिशांचा कारभार इंग्रजीत चाले. पूर्व-पश्चिम हे शब्द पंचांगापुरते. त्यातही अप्पांच्या तोंडी जास्त बसलेला शब्द म्हणजे वेस्ट. नकाशापुढं बसले की वेस्ट म्हणजे दोनशे सत्तर अंश, एक कमी नाही की एक जास्त नाही. घरात वावरताना मात्र त्याचा अर्थ पार वेगळा. विहिरीवरची मोटार जळाली, मिक्सर बंद पडला, माझा गणिताचा पेपर बुडाला, की अप्पा शांतपणे म्हणत, "गॉन वेस्ट." पलटणीतल्या एका म्हाताऱ्या उस्तादाकडून त्यांनी हे उचललं होतं. इंग्रज शिपाई लढाईत मेलेल्या सोबत्याविषयी असं बोलत, सूर्य मावळतो तिकडे गेला म्हणत, हेही त्या उस्तादानंच सांगितलेलं. ते ठाऊक असल्यामुळे अप्पांनी हे शब्द वस्तूंपुरतेच ठेवले. माणसासाठी ते मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत.

वेस्टचा तिसरा अर्थ त्यांच्या दोस्ताचा होता. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. इस्लामपूरजवळच्या एका गावचे, अप्पांबरोबर एकाच दिवशी भरती झालेले. पलटण कुठंही गेली तरी उतरल्या उतरल्या चाचा नमाजाची सतरंजी घेऊन अप्पांपुढं उभे राहत आणि म्हणत, "दाव गड्या." मग अप्पा मनगटावरचं घड्याळ काढत, बंदूक लांब ठेवत, सुई थांबू देत आणि हातानं दिशा दाखवत. जागा बदलली की आकडाही बदलायचा. आपल्या मुलखासाठी तो 'वेस्ट आणि वर बारा', म्हणजे पश्चिमेपासून बारा अंश उजवीकडं. देवळात गेलं तरी बाहेर चपलांपाशीच रेंगाळणाऱ्या अप्पांना दुसऱ्याचा काबा मात्र अंशात पाठ होता. पेन्शनीत आल्यावर स्वतःच्या पैशानं हे होकायंत्र घेतलं तेही, मला वाटतं, त्या सवयीपायीच.

चाचा गेले ते असेच दसऱ्याच्या तोंडावर. मी अप्पांना गाडीतून घेऊन गेले. गावची जुनी दफनभूमी भरली होती, नवी जागा मिळाली होती आणि तिथली ही पहिलीच कबर. शेजारी बघून रेघ धरावी अशी दुसरी कबर नव्हती. आभाळ झाकोळलेलं. पोरांनी मोबाइल काढले तर प्रत्येकाचा काटा वेगळं सांगू लागला. तेव्हा सगळे अप्पांकडे वळले. आत जाताना त्यांनी घड्याळ आणि किल्ल्या माझ्या हातात दिल्या, इतकं त्यांना भान होतं. मी फाटकाशी गाडीजवळ थांबले. कुशीवर निजवलेल्या माणसाचं तोंड काब्याकडं व्हावं अशी कबरेची रेघ त्यांनी चुन्याच्या फक्कीनं आखून दिली.

माती देऊन लोक मगरिबच्या नमाजाला गेले तेव्हा आभाळ उघडलं. सूर्य टेकला होता. अप्पा त्या सूर्याकडे बघत राहिले, मग कबरेकडे, मग त्यांनी मला हाक मारली. मी गेले तर त्यांनी बोटानं दाखवलं. सकाळी ज्या दगडावर होकायंत्र ठेवलं होतं त्याला मागून टेकवलेली लोखंडी पहार अजून तिथंच होती. मी ती उचलून लांब नेली. त्यांनी पुन्हा सुई लावली. वीस अंशांचा फरक होता.

"उभा जलम पोरांना तेच शिकिवलं," अप्पा म्हणाले, "आन् आज डोळ्यातल्या पाण्यानं पहार दिसली न्हाई मला." माझ्या बापाला रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी नुसती पहार धरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते म्हणाले, चल, चाचांच्या गावी. मी म्हटलं, कुणाला कळणार आहे? माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं त्याची मला आजही लाज वाटते. तिथले मौलाना भले गृहस्थ. एवढ्या तेवढ्यानं बिघडत नाही, नियत बघितली जाते, असं त्यांनी समजावलं. अप्पांना ते पुरलं नाही. त्यांना चाचींना सांगायचं होतं. चाची इद्दतीत होत्या, नवऱ्यामागं पाळायच्या त्या दिवसांत परपुरुषासमोर येणार नव्हत्या. दाराला पडदा, अलीकडे खुर्चीवर अप्पा. त्यांनी सगळं सांगितलं, पहारीसकट.

मग चाची म्हणाल्या, "आवं भावजी, आयुक्षभर तुमी दावलं तिकडं त्यांनी तोंड केलं. बरुबर हाय का, असं कवा इचारलं न्हाई. आता मी इचारू व्हय? ऱ्हाऊ द्या त्यांना तसंच. हलवू नका."

अप्पा पुन्हा एकदा त्या जागेवर गेले, सगळं लोखंड फाटकाबाहेर ठेवायला लावलं आणि दोन दगड पुरून पक्की रेघ घालून दिली. पुढच्या कबरी त्या दगडांवरून नीट होत गेल्या. त्यामुळे झालं असं, की पहिली तेवढी तिरपी आहे हे आता लांबूनही दिसू लागलं. अप्पा दर वर्षी जाऊन ते बघून येत. मी नका जाऊ म्हणे, ते जात.

काही वर्षांनी चाची गेल्या. अप्पा तेव्हा काठी घेऊन चालत, पण होकायंत्र खिशात होतं. चाचांशेजारची जागा खणायला घेतली तेव्हा ते दगडांची रेघ दाखवायला पुढं झाले. चाचांच्या मुलानं त्यांचा हात हळूच धरला.

"काका, दगडांची रेघ नगं," तो म्हणाला. "अम्मीनं सांगून ठिवलंय. अब्बांच्या रेघंत."

अप्पांनी मौलानांकडे पाहिलं. मौलानांनी मान डोलावली. अप्पांनी होकायंत्र खिशातच राहू दिलं आणि फक्कीची पिशवी मागून घेतली. या खेपेला त्यांनी नुसती चाचांच्या कबरेची कड बघून रेघ ओढली.

आता अप्पाही नाहीत. मी इस्लामपूरकडे गेले की दफनभूमीच्या फाटकाशी थांबते. सगळ्या सरळ कबरींत त्या दोन तेवढ्या तिरप्या, एकीला लागून एक. होकायंत्र घासून झालंय. उद्या निराळ्या पाटावर मांडीन.