बेताचा कागद

त्यांना सगळे बेतवाल्या काकू म्हणत. शिवणकामाच्या एका मासिकात मधोमध घडी घालून मोठा कागद यायचा, तो सव्वीस वर्षं त्यांनी काढला. अंगड्यापासून कोटापर्यंत प्रत्येक कपड्याचा बेत, म्हणजे कापणीचा आराखडा, खऱ्या मापाचा. कागद कापडावर पसरायचा, टाचण्या लावायच्या, कात्री चालवायची. मजकुरापेक्षा त्या कागदासाठीच मासिक घेणाऱ्या जास्त, हे संपादक सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

मग मासिक खपेनासं झालं. संपादकांनी काकूंना बोलावून सांगितलं, "पुढच्या महिन्यापासून सगळं मोबाइलवर. बेतसुद्धा."

"तळहाताएवढ्या काचेवर बाही बेतली तर ती बाहुलीलाच बसेल," काकू म्हणाल्या.

"घरी छापून घेतील की. बावीस पानं चिकटवली की झालं."

काकूंनी आपली पट्टी पिशवीत टाकली आणि त्या तडक घरी आल्या. पुढचे तीन महिने त्या नुसते पडदे शिवत बसल्या. आठही खिडक्या झाल्या, तेव्हा सून म्हणाली, "आई, आता भिंत फोडून नवी खिडकी काढावी लागेल."

त्याच आठवड्यात एक अनोळखी बाई पत्ता शोधत दारात आली. मुलीला नोकरीच्या मुलाखतीला जायचं होतं, म्हणून तिने ती बावीस पानं जोडून कोट शिवला होता. एक बाही चार बोटं लांब. काकूंना आधी हसू फुटलं, मग बाईचे भरलेले डोळे दिसले आणि त्या भडकल्या, पण तिच्यावर नाही. कोट उसवला, बाही नव्याने बेतली, दोन तासांत बसवून दिली.

"एकीचं निभावलं," त्या सुनेला म्हणाल्या. "बाकीच्यांनी काय करायचं?"

दुसऱ्या दिवशी त्या मासिकाच्या जुन्या छापखान्यात गेल्या. मोठ्या यंत्रावर चादर पडली होती. छापखानेवाले म्हणाले, "काकू, हे आता कपडे वाळत घालण्यापुरतं उरलंय."

"कपड्यांचंच काम आणलंय."

सुनेने मोबाइलवरच खबर पसरवली: मासिक नाही, लेख नाहीत, नुसता बेत, खऱ्या मापाचा. पाचशे कागद नऊ दिवसांत उडाले. छापखानेवाल्यांनी आणखी दोनदा यंत्र लावलं. कागदाच्या कोपऱ्यात काकूंचं पूर्ण नाव होतं. मासिकाने ते कधीच छापलं नव्हतं. शाई वाळायच्या आत त्यांनी त्यावर बोट फिरवलं आणि ते काळं बोट दिवसभर मिरवलं.

आता वर्षाला सहा कागद निघतात, चार हजार घरांत जातात. परवा संपादकांचा फोन आला. "काकू, तुमचे बेत आमच्याकडे दाखवले तर चालेल?"

"दाखवा की. खाली आमचा पत्ता टाका म्हणजे झालं," काकू म्हणाल्या आणि कामाला लागल्या. या खेपेला विजार आहे. खिशाची रेघ त्यांनी तीनदा खोडली, चौथ्यांदा मनासारखी उतरली, तशी सुनेला हाक मारली, "अगं, ये, कोपऱ्यावर जरा उभी राहा. कागद सारखा गुंडाळला जातोय."