मोहाखालची जागा

न वाचता सही करू नये, हे मी सातवीच्या मुलांना दरवर्षी सांगत आले. आणि आयुष्यात एकदाच साक्षीदार म्हणून सही करायची वेळ आली, तेव्हा तीन पानी कागदाचं एक पान वाचून मोकळी झाले. त्याच आठवड्यात मी अख्ख्या शाळेला अमेरिकेतल्या लेनापे आदिवासींच्या अडाणीपणावर हसायला शिकवलं होतं. मी याला योगायोग म्हणते. माझी नात दुसरा शब्द वापरते.

तेव्हा मी नवेगाव बांधजवळच्या एका शाळेत होते. चाळिशीची, गोंदियाहून बदलून आलेली, खांद्याला पर्स, आणि या मुलखात जगाचा इतिहास वाचलेली बाई आपण एकटीच असा पक्का समज. अशी एखादी मॅडम तुम्हीही पाहिली असेल. नसेल तर माझा तेव्हाचा फोटो आहे, त्यात मान बघा फक्त.

जिच्या कागदावर मी सही केली, ती आमच्या शाळेत खिचडी शिजवायची. गोंड घरातली, एकटी. गावाच्या टोकाला, जंगलाला लागून तिची जमीन आणि तिच्यात मोहाची पाच झाडं. चैतात फुलं वेचायची, वाळवायची, वर्षभराचं मीठमिरची त्यातून निघायचं. त्या झाडांखाली कोणी ना कोणी बसलेलं असायचंच. भांडीवाला, बकऱ्या हाकणारे, तेंदूपत्त्याला निघालेल्या बाया.

मी एकदा म्हटलं, "अगं, किती लोकांना बसू देतेस?"

"बसू द्या ना मॅडम. बसल्यानं का झाड झिजते?"

उठताना माणूस काहीतरी ठेवून जायचा. मूठभर मीठ, एखादी सुई, बिड्या. ती ते घ्यायची आणि उलट त्याच्या गमछ्यात ओंजळभर मोह टाकायची. पुढच्या वर्षी तो पुन्हा यायचा, पुन्हा काहीतरी ठेवायचा. मला हा सगळा प्रकार फार मागासलेला वाटायचा. पावती नाही, काही नाही.

स्नेहसंमेलनासाठी मी नाटुकलं लिहिलं. आज जिथं न्यूयॉर्क शहर आहे तिथं पूर्वी लेनापे लोक राहत. जहाजातून डच आले आणि थोडासा माल देऊन त्यांनी एक बेट विकत घेतलं, असं पुस्तकात होतं. माझ्या नाटकात त्या मालाचे मणी झाले, कारण मणी सडक अर्जुनीच्या बाजारात मिळाले. गोंडांची मुलं लेनापे, डोक्याला कोंबड्याची पिसं. दुकानदारांची मुलं डच, पायात बूट. ही वाटणी माझीच. शेवटी लेनापे मुखिया मण्यांची माळ घालून नाचतो आणि लोक हसतात, असा माझा बेत.

तालमीला ती पळी हातात घेऊनच दारात उभी राहिली.

"हे काऊन हासून राहिले?"

"मण्यांसाठी बेट विकलं ना त्यांनी."

"इकलं असं कोन म्हनते? ते लोक, का जहाजवाला?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तक कोनाचं?"

मी फळ्याकडे बघितलं. फळा कोरा होता.

"पाहुना पाण्यातून आला, उपाशी असन. त्याले बसाले जागा देली असन. त्यानं हातात काई ठेवलं, यायनं घेतलं. जागा का कोनी उचलून देते मॅडम?"

"तुझी खिचडी लागतेय खाली," मी म्हणाले. लागत नव्हती.

संमेलनाला प्रमुख पाहुणे म्हणून नागपूरचे एक साहेब होते. जंगलाच्या कडेला पर्यटकांसाठी तंबू टाकायचे होते त्यांना. माझ्या नाटकाला सगळ्यात जास्त टाळ्या त्यांनी वाजवल्या, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मला त्यांनी भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. "आप जैसी पढ़ी-लिखी मैडम गाँव में हैं, तो हमारा काम आसान है," असंही म्हणाले. ते वाक्य मी घरी चार जणांना ऐकवलं.

दोन दिवसांनी ते मला साक्षीला घेऊन तिच्या मोहाखाली आले. तिला एक घोंगडी आणि पाण्याची पितळी गुंडी दिली. थंडीत तंबू टाकू द्या, म्हणाले. ती म्हणाली, "बसू द्या ना." तिनं त्यांना टोपलंभर सुकलेली मोहफुलं दिली. साहेबांनी वास घेतला आणि टोपलं ड्रायव्हरच्या हातात दिलं.

मग कागद निघाला. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "मॅडम वाचतीन." मी बातम्या वाचणाऱ्या बाईच्या आवाजात पहिलं पान वाचलं. तंबू, हिवाळा, पर्यटक. पुढची दोन पानं बारीक टायपात होती, आणि माझा चष्मा शाळेत राहिला होता. चष्मा नाही म्हणायला लाज वाटली. "ठीक आहे सगळं," मी म्हणाले. तिनं अंगठा दिला, मी लफ्फेदार सही केली.

चैत लागला. तिच्या पाचही झाडांभोवती तार आली. ती टोपली घेऊन गेली, तर चौकीदार म्हणाला, साहेबांची जागा आहे, आत जाता येणार नाही. आठवडाभर ती रोज सकाळी तारेबाहेर उभी राहून आतली फुलं मातीत जाताना बघत होती. मग मला विचारलं, "कागदात मोहाचं का होतं, मॅडम?"

मी नक्कल काढली. चष्मा लावून तिसरं पान वाचलं. झाडांसकट जमीन, पुढची कित्येक वर्षं, आणि परवानगीशिवाय कोणी आत यायचं नाही. कोणी, म्हणजे तीसुद्धा.

मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, गप्प राहा. कोणाला कळणार आहे?" खरं सांगते, दोन दिवस मी गप्प राहिले. ते दोन दिवसही ती माझ्या ताटात आधी खिचडी वाढत होती.

ग्रामसभेत मी उभी राहिले. म्हणाले, "मी पहिलंच पान वाचलं. हिला मात्र सगळं ठीक आहे असं सांगितलं. हिची चूक नाही, माझी आहे." मागून एक बाप बोलला, "आमच्या पोराले तं पेपर दोनदा वाचाले लावते." सगळी सभा हसली. मण्यांच्या नाचालाही लोक इतके हसले नव्हते.

कागद रद्द करा असा ठराव वर जिल्हा कचेरीत गेला. माझा जबाब दोनदा झाला, दोन्ही वेळा तिथल्या साहेबलोकांनी मला खुर्ची दिली नाही. पावसाळ्यानंतर तो कागद रद्द झाला आणि तार निघाली. त्या वर्षीचा मोह मात्र गेला तो गेलाच.

पुढे निवृत्तीनंतर कुठंतरी वाचलं की मण्यांची गोष्ट नंतर कोणीतरी रंगवलेली. आणि माल घेतल्यावरही लेनापे लोक त्या बेटावर पूर्वीसारखे येत-जात राहिले, कारण आपण जागा विकली असं बहुधा त्यांच्या मनातही नव्हतं. हे तिला सांगायचं राहून गेलं. ती गेल्याला दोन उन्हाळे झाले. सांगितलं असतं तरी म्हणाली असती, मंग मी का सांगत होती?

पण ग्रामसभा संपल्यावर, लोक पांगले तेव्हा, मी तिची माफी मागायला तोंड उघडलं होतं. तिनं मला बोलूच दिलं नाही. अंगठ्याची शाई पुसल्यासारखा हात पदराला पुसला आणि म्हणाली:

"मले वाचता येत नाई म्हून मी जनमभर लाजली, मॅडम. तुमाले वाचता येते अन् तुमी वाचलं नाई. आता ती लाज तुमी ठेवा थोडे दिवस."