दार तिकडं हाय

साठ-एकसष्ट साली महाडहून रायगड पाहायला गेलो होतो. राणीवशाच्या महालांची उरलेली जोती बघत फिरत होतो, तर ताक विकणारी एक म्हातारी माझ्या मागेच लागली. गुडघाभर उरलेली भिंत ओलांडायला पाय उचलला, की ती ओरडायची, "भिंतीवरनं कुठं घुसतोस रे? दार तिकडं हाय!"

उन्हानं जीव मेटाकुटीला आला होता. खाली उतरून परतीची एसटीही गाठायची होती. शेवटी मी वैतागून म्हणालो, "आजी, छप्पर नाही, माणूस नाही, कसलं दार घेऊन बसलात?"

डोक्यावरचं मडकं सावरत ती म्हणाली, "राण्या नाय म्हणून काय झालं? बायामाणसांचं घर हाय ते."

मी चरफडत वळसा घातला. उंबऱ्याशी आलो, आणि वर चौकट नसतानाही मान आपोआप खाली वाकली.