पिंगपाँग टेबलावरचा मान्सून

आमच्या मॉरिसव्हिलच्या रविवारच्या मराठी शाळेचे किस्से म्हणजे आईच्या फ्रीजरमधले डबे. एक काढायला जावं तर मागून चार निघतात, आणि कशावरच लेबल नसतं! माझा मित्र अथर्व म्हणतो, "चिन्या, लिहून काढ ना यार, विसरशील." मला लिहायचा जाम कंटाळा. हायस्कूलमध्ये वर्ल्ड हिस्टरीत मला डी मिळाला तोही ह्याच कंटाळ्यामुळे. आणि त्या डीमुळेच आईने मला मराठी शाळेत परकार सरांच्या टेबलावर नेऊन बसवलं.

पहिल्या दिवशी सर यायच्या आधी टेबलावर एक वाटीभर काळी मिरी दिसली. मी अथर्वला म्हटलं, "मूठभर चावून दाखव. पाणी नाही प्यायचं. डेअर!"

"त्यात काय!" अथर्व म्हणाला.

दोन सेकंद तो हिरो होता. मग डोळे, नाक, सगळे नळ एकदम सुरू.

तेवढ्यात सर आले. पांढरा शर्ट, सँडलमध्ये मोजे, आणि काखेत टेबलफॅन. त्यांनी रिकामी वाटी बघितली, अथर्वचं तोंड बघितलं. मी मनात म्हटलं, आता घरी फोन जाणार.

"अरे, ह्या मिरीसाठी माणसं अख्खा समुद्र ओलांडून यायची," सर म्हणाले. "तू उभ्या उभ्या संपवलीस, आणि वर रडतोस?"

मग स्वतःच्या डब्यातलं केळं काढून त्याला दिलं. "आणि हे सुचवलं कुणी?"

 सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"बरं," सर म्हणाले. "तू चौल बंदर घे. तिथल्या व्यापाऱ्याला असलंच डोकं लागतं."

*

आता सरांचं टेबल काय ते सांगतो. आमची शाळा एका चर्चच्या बेसमेंटमध्ये भरते, आणि तिथे एक जुनं पिंगपाँग टेबल आहे. सरांनी त्याची जाळी काढली आणि म्हणाले, "हा अरबी समुद्र. साल समजा सातआठशे वर्षांपूर्वीचं." एका कडेला चिकटपट्टी लावून चौल आणि दाभोळ, पलीकडे होर्मुझ, एडन आणि खाली आफ्रिकेतलं किल्वा. बोटी म्हणजे कॉफीच्या कपाची झाकणं, त्यावर स्ट्रॉ आणि कागदाचं शीड. माल खरा. मिरी, सुंठ, खजूर, कुणाच्या तरी आईची सिल्कची ओढणी.

आणि मान्सून म्हणजे तो टेबलफॅन. आधी तो आफ्रिकेच्या बाजूला ठेवायचा, की बोटी सुसाट इंडियाकडे. मग उचलून इंडियाच्या बाजूला, की बोटी परत. मध्ये पंखा बंद. बंद झाला की जो जिथे असेल त्याने जवळच्या बंदरात जायचं आणि वारा फिरेपर्यंत तिथेच राहायचं.

"राहायचं म्हणजे?" अथर्वने विचारलं.

"म्हणजे पाहुणा व्हायचं. आणि यजमानाने स्वतःच्या डब्यातलं जेवायला घालायचं. हा नियम आहे."

अथर्वचं बंदर एडन. पहिल्याच रविवारी वारा चुकून तो किल्वाला अडकला. किल्वा जान्हवीचं, आणि जान्हवीच्या डब्यात घावन आणि ओल्या खोबऱ्याची चटणी! पुढच्या रविवारी तो परत किल्वालाच अडकला. त्याच्या पुढच्याही.

शेवटी जान्हवी ओरडली, "सर, हा व्यापारी आहे की जावई?"

*

सर मूळचे खरंच दाभोळचे. तिथल्या शाळेत इतिहास शिकवायचे, आता इथे मुलाकडे असतात. म्हणून दाभोळ आम्हाला कुणाला मिळायचं नाही. "तिथला शहाबंदर मी," म्हणायचे, म्हणजे बंदराचा साहेब.

मी एकदा विचारलं, "सर, तुमची फॅमिली तिथे पहिल्यापासून?"

"नाही रे. आमच्या घरात सांगतात ते असं, की एक पूर्वज होर्मुझकडून घोडे घेऊन आला. घोडे विकले, पण निघायला उशीर झाला आणि वारा चुकला. मग एका घरी जेवला. भात आणि माशाचं कालवण."

"मग?"

"मग त्याच घरची मुलगी केली."

"आणि पुढच्या वर्षी वारा आला नाही?"

"आला ना! तो म्हणाला, पुढच्या वाऱ्याने जातो." सरांनी चष्मा पुसला. "आम्ही अजून दाभोळलाच आहोत."

त्याच आठवड्यात हायस्कूलच्या टेस्टमध्ये प्रश्न आला, मान्सूनमुळे परदेशी व्यापाऱ्यांच्या जीवनावर काय परिणाम झाला? मी लिहिलं, ते अडकले, घावन खाल्ले, मग लग्न केलं. टीचरने पूर्ण मार्क दिले आणि खाली लिहिलं, उत्तर बरोबर आहे, पण ह्यात घावन कुठून आलं?

*

रविवारी दुपारी सरांची नमाजची वेळ व्हायची. आमच्या बेसमेंटमध्ये त्याच वेळेला गणपतीच्या आरतीची प्रॅक्टिस, टाळ, झांजा, सगळं. चर्चची देखरेख करणाऱ्या मार्था आजींनी सरांना वरची लहान मुलांची खोली उघडून दिली. दिशा कुठली म्हणून मी फोनवर मक्का दाखवणारा कंपास लावून दिला. तो दाखवत होता ईशान्य. अथर्व भांडायला लागला की मक्का सरळ पूर्वेला पाहिजे. सरांनी त्याला ग्लोबवर दोरा ताणून दाखवला, तेव्हा गप्प बसला.

खाली आल्यावर सर खूश. "वर भिंतीवर प्रलयातली नूहची बोट काढलीये. जिराफ, हत्ती, सगळे. आमच्याही ओळखीचा माणूस तो."

"नोहा?" अथर्व म्हणाला. "सर, तो कुठल्या बंदराचा?"

"त्याला बंदरच नव्हतं. नुसतं पाणी."

"मग अडकला तेव्हा जेवायला कुणी घातलं?"

सर म्हणाले, "तोच यजमान रे बाबा. सगळ्या जिराफांचा!"

*

एकदा शाळेच्या कमिटीच्या देशमुख काकू बघायला आल्या. "सर, नुसता बाजारच चाललाय. साम्राज्यं कुठे आहेत? सुलतान?"

"आहेत ना," सर म्हणाले, आणि त्यांनी एका रविवारपुरतं अथर्वला सुलतान केलं. अथर्वने लगेच फर्मान काढलं, माझ्या बंदरात येईल त्याचा अर्धा डबा माझा!

मग काय, कुणी फिरकलंच नाही. सगळ्या बोटी चौलला. माझ्याकडे जागा पुरेना. सुलतान रिकाम्या बंदरात एकटा बसलेला, आणि त्या दिवशी त्याच्या आईने डब्यात काकडी दिलेली.

शेवटी सुलतान स्वतः बोट घेऊन चौलला आला. "कर माफ केला यार. एक पराठा दे."

देशमुख काकू हसता हसता म्हणाल्या, "हे तर अगदी आमच्या कमिटीसारखं आहे!" आणि मग कुणी ऐकलं का म्हणून मागे वळून बघितलं.

*

तन्वी आली ती मध्येच. मूळची नागपूरची, मग इथलंच दुसरं शहर अर्विंग, आणि बाबांना इकडे नोकरी लागली म्हणून मॉरिसव्हिल. आल्या आल्या तिच्या बाबांची ती नोकरी गेली. नोकरी गेली की व्हिसाचं घड्याळ सुरू होतं, हे आमच्यात केजीतल्या पोरालाही माहीत असतं. दोन महिन्यांत दुसरी नाही मिळाली, तर बॅगा भरायच्या.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "माझं नाव लक्षात ठेवायची गरज नाही. मी थोडेच दिवस आहे."

सरांनी फक्त विचारलं, "घोडे विकता येतात का?"

तिला होर्मुझ मिळालं. होर्मुझहून घोडे यायचे, कारण आपल्याकडच्या हवेत ते टिकायचे नाहीत आणि राजांना तर दरवर्षी नवे पाहिजेत. ही पोरगी अशी घासाघीस करायची की बाप्पा! मला चौलसाठी एक प्लॅस्टिकचा घोडा पाहिजे होता. सुंठ, खजूर, अख्खी ओढणी देऊन घेतला. हातात घेऊन बघतो तर तीनच पाय!

"ए, चौथा पाय?"

"येऊन राहिला ना तो," ती म्हणाली. "पुढच्या बोटीने."

टेबलावरचे सगळे हसले. तीही हसली, पहिल्यांदाच. पण डबा खायची वेळ झाली की ती एकटी जिन्यावर जाऊन बसायची. जान्हवी बोलवायला गेली तर म्हणाली, "कशाला उगाच सवय लावायची?"

त्या रविवारी वारा चुकून तिची बोट माझ्या बंदराला लागली. आता नियम म्हणजे नियम. तिला चौलला बसावं लागलं आणि आईचे मेथीचे ठेपले खावे लागले. दुसरा ठेपला तिने न विचारता घेतला. त्यानंतर जिन्यावर कधी गेली नाही.

*

हा किस्सा माझा. म्हणजे ह्यात चूक माझी आहे, पण आयडिया एक नंबर होती.

तन्वीच्या बाबांचे इंटरव्ह्यू चालले होते. दर रविवारी अथर्व तिला विचारायचा, "झालं का?" आणि ती म्हणायची, "नाही." तिचा मूड जरा बरा व्हावा म्हणून मी घरून स्मार्ट प्लग आणला आणि गुपचूप पंख्याला लावला. फोनवरून चालू, फोनवरून बंद. तिची बोट निघाली की फुल स्पीड. अथर्वची निघाली की समुद्रात मधोमध ठप्प. तिच्या खजुरांचा नुसता डोंगर झाला.

सरांनी वाकून प्लग बघितला. चिडले नाहीत, हेच जास्त डेंजर.

"चिन्मय, ह्या खेळात राजाही वाऱ्याला थांबवू शकत नाही. म्हणून तर खेळ आहे. राजा, फकीर, व्यापारी, सगळ्यांना एकच वारा. वाऱ्याला मालक नसतो."

"सॉरी सर."

"सॉरी नको. पंखा बंद. आज मान्सून तू."

मग मी अख्खा तास टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून तोंडाने फुंकर मारत होतो. आफ्रिकेकडून एकदा, इंडियाकडून एकदा. डोळ्यांपुढे काजवे! जान्हवी मुद्दाम बोटीत जड जायफळ भरून आणायची. तन्वी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "वारा थोडा कमी पडून राहिला. ठेपला आणू का?"

स्मार्ट प्लग सरांनी खिशात टाकला, तो आजपर्यंत मिळालेला नाही.

*

आणि हा शेवटचा.

त्या रविवारी अथर्वने "झालं का?" विचारलंच नाही. तन्वीनेच सांगितलं. गुरुवारचं फ्लाइट. बाबांचा एक इंटरव्ह्यू बाकी होता, उद्याच, पण तिकिटं काढून झाली होती.

ती नेहमीपेक्षा जास्त बडबडत होती. जान्हवीला उरलेले खजूर देऊन टाकले. मग माझ्याकडे आली आणि मूठ उघडली. आत घोड्याचा चौथा पाय.

"घे. नंतर म्हणशील, फसवून पळाली."

मी पाय घेतला. खिशात न टाकता मुठीतच धरून ठेवला.

शेवटचा वारा परतीचा. पंखा इंडियाच्या कडेला, दाभोळपाशी, सरांच्या खुर्चीशेजारी. तन्वीची बोट दाभोळहून निघणार होती, होर्मुझला. तिने झाकण सोडलं. शीड फुगलं, बोट हातभर पुढे गेली.

आणि पंखा घरघरत बंद पडला.

"चिन्या!" सगळे एकदम ओरडले.

मी दोन्ही हात वर केले. "देवाशपथ! माझा फोन बघा, तिकडे जॅकेटमध्ये आहे!"

"चिन्मय, आज नको ना रे," तन्वी म्हणाली. तिने मला चिन्मय कधीच म्हटलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी काहीच केलं नव्हतं! आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलत होतो आणि एकाही माणसाचा विश्वास नाही.

सर शांतपणे डबा उघडत होते. "नियम काय आहे?" त्यांनी विचारलं.

 मग अथर्व म्हणाला, "वारा थांबला की जवळच्या बंदरात."

"जवळचं कुठलं?"

"दाभोळ."

सरांनी शेजारची खुर्ची ओढली. डब्यात भात होता आणि माशाचं कालवण. अर्धं त्यांनी डब्याच्या झाकणात काढलं आणि तन्वीपुढे सरकवलं.

तन्वी उभीच. तिने आधी बोटीकडे बघितलं, मग भाताकडे. मग माझ्या हातातून घोड्याचा पाय काढून घेतला आणि खिशात टाकला.

"हा पुढच्या बोटीने," म्हणाली, आणि खुर्चीवर बसली.

अथर्व पंखा बघायला टेबलाखाली वाकला. तो तिथेच थांबला. वायर भिंतीपासून सुटलेली होती, आणि प्लगवर एक सँडल होती. मोजा घातलेली.

"सर..." खालून आवाज आला.

"चिन्मयला कुणी काही बोलू नका," सर म्हणाले. त्यांनी तन्वीच्या भातावर अजून थोडं कालवण वाढलं. "वारा मी थांबवला. जेव आता."